न पाहिलेले मैदान

मार्च २०२५ मध्ये ब्रिस्बेनची बातमी आली. २०३२ च्या ऑलिम्पिकसाठी तेथील व्हिक्टोरिया पार्कमध्ये ६३ हजार प्रेक्षकांचे नवे स्टेडियम उभे राहणार, आणि ऑलिम्पिक आटोपले की गॅबा पाडले जाणार. सकाळच्या चहाबरोबर मी ती वाचली आणि नात्यातले कोणी फार दिवसांचे सोबती नाही असे कळावे तशी काही वेळ गप्प बसून राहिले. मग स्वतःचेच हसू आले. मी ऑस्ट्रेलियात कधी गेलेले नाही. पुढे जाईन असेही नाही. ज्या मैदानाच्या पायऱ्यांवर आपण कधी बसलो नाही, त्याच्या पाडकामाचे दुःख करायचे म्हणजे न वाचलेल्या पुस्तकावर मृत्युलेख लिहिण्यासारखेच. (तसे लेख आमच्या व्यवसायात लिहिले जातात, हा भाग वेगळा.)

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा आमच्या विभागातल्या सगळ्यांनाच बोलण्यासारखे काही होते. कोणी तिथे आयुष्यातले पहिले नाटक पाहिले होते, कोणी राज्य नाट्य स्पर्धेत पडद्यामागे उभे राहून घाम पुसला होता. त्यांच्या दुःखाला रांग होती, खुर्चीचा क्रमांक होता. माझ्या या दुःखाला तसले काहीच नाही. म्हणून हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, आणि त्याच कारणाने लिहून पाहावेसेही वाटते.

गॅबा हे लाडाचे नाव. मूळ वुलूनगॅबा, हे ब्रिस्बेनचे एक उपनगर. शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतला. त्याचा अर्थ काही जण 'गरगर फिरणारे पाणी' असा सांगतात, तर काही जण 'भांडणाच्या बोलण्याची जागा' असा. भाषा शिकवणाऱ्या बाईला दुसरा अर्थ अधिक आवडला तर वाचक समजून घेतील. १८९५ साली ही जागा क्रिकेटसाठी राखली गेली आणि १९३१ मध्ये तिथे पहिला कसोटी सामना झाला. आपला आणि या मैदानाचा संबंध नोव्हेंबर १९४७ चा. स्वतंत्र भारताचा पहिला कसोटी सामना गॅबावर झाला, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. लाला अमरनाथांचा संघ पावसाने चिकट झालेल्या खेळपट्टीवर पहिल्या डावात ५८ आणि दुसऱ्या डावात ९८ धावांत बाद झाला. अर्नी टोशॅकने त्यातल्या एका डावात दोन धावांत पाच बळी घेतले. १९६८ मध्ये एम. एल. जयसिंहांना भारतातून ऐनवेळी बोलावून घेतले; त्यांनी आल्या आल्या ७४ आणि १०१ धावा केल्या, तरी आपण ३९ धावांनी हरलो. १९७७ मध्ये सोळा धावांनी हरलो. या सोळा धावांशी माझे घरचे नाते आहे. त्याकडे येतेच.

त्याआधी एक शंका. २०३२ नंतर पाडणार ते नेमके कोणते गॅबा? जुन्या छायाचित्रांत दिसणारे मैदान साधे, पसरट, गवताच्या उतारावर बसलेल्या माणसांचे आहे. १९७२ पासून वीसेक वर्षे तर त्याच्याभोवती कुत्र्यांच्या शर्यतींचा मार्ग होता. १९९३ पासून पुढच्या बारा वर्षांत एकेक करून सगळी प्रेक्षागृहे नवी बांधली गेली, उतार नाहीसा झाला, मैदानाभोवती काँक्रीटचे वाटोळे कडे उभे राहिले. म्हणजे ज्या गॅबाची आपण आठवण काढतो ते केव्हाच गेले आहे, आणि त्याच्या जाण्याची बातमी आपल्यापर्यंत आली नव्हती. उरली असेल तर मधली माती. त्या मातीची मात्र जपणूक झाली. १९७४ मध्ये तिथे शहराचे महापौर क्लेम जोन्स स्वतःच खेळपट्टी तयार करायला बसले होते. पुढे केव्हिन मिचेल नावाच्या माणसाने ते काम पाहिले आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाने. मुलाचेही नाव केव्हिन मिचेल. वडिलांनी राखलेली माती, तेच नाव घेऊन, मुलाने राखायची. हे वाचले तेव्हा मला त्या मुलाचा हेवा वाटला.

गॅबा वाचायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. आधीची योजना तर तेच मैदान पाडून तिथेच पुन्हा बांधण्याची होती, आणि त्यासाठी शेजारची एक जुनी प्राथमिक शाळा हलवावी लागणार होती. २०२४ मध्ये ती योजना सोडून दिली गेली, नंतर सरकार बदलले आणि व्हिक्टोरिया पार्क पुढे आले. तिथेही वाद आहेच. ते उद्यान तेथील मूळ रहिवाशांच्या लेखी 'बॅरम्बिन' आहे, त्यांच्या पूर्वजांच्या वस्तीची जागा. कोणाची आठवण राखायची आणि कोणाची मोडायची याचा निवाडा सांगलीत बसून करण्याचा आगाऊपणा मी करू नये. मला फक्त सोळा धावांविषयी सांगायचे आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पोस्टात कारकून होते. त्या काळी रेडिओला परवाना लागे आणि तो पोस्टातून मिळे. दर वर्षी लोक आपापले परवान्याचे पुस्तक घेऊन अण्णांच्या खिडकीशी येत, म्हणजे गावात कोणाकडे कोणता रेडिओ आहे हे त्यांना तोंडपाठ होते. स्वतःकडे मर्फी होता. छपरावर जाळीची एरियल होती. ब्रिस्बेन आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे जेमतेम उजाडते तेव्हा तिथे खेळाडू मैदानात उतरतात. डिसेंबरच्या थंडीत अंगावर घोंगडे ओढून अण्णा शॉर्टवेव्हवर रेडिओ ऑस्ट्रेलिया शोधत. आवाज लाटेसारखा येई आणि ओसरे. नेमका चेंडू टाकला जाताना ओसरे, असे ते म्हणत. इंग्रजी ते या समालोचनावर शिकले. आयुष्यभर त्यांच्या इंग्रजीत क्रियापदांपेक्षा क्षेत्ररक्षणाच्या जागा अधिक होत्या.

ते धावफलक लिहून ठेवत. त्यासाठी पोस्टातले बाद झालेले फॉर्म आणत, त्यांची पाठकोरी बाजू वापरत आणि दोऱ्याने शिवून वही करत. एका बाजूला मनिऑर्डरचे रकाने आणि दुसऱ्या बाजूला गावसकर. ही वही आज माझ्याकडे आहे.

डिसेंबर १९७७. केरी पॅकर यांच्या मालिकेकडे ऑस्ट्रेलियाचे नामवंत खेळाडू गेलेले, म्हणून बॉब सिम्प्सन यांना निवृत्तीनंतर दहाएक वर्षांनी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, कर्णधार म्हणून परत बोलावलेले. बेदींच्या संघापुढे चौथ्या डावात ३४१ धावांचे लक्ष्य होते. गावसकरांनी ११३ केल्या. सामन्याचा शेवटचा दिवस मंगळवार होता आणि अण्णांची सकाळची डाक फोडायची पाळी होती. सव्वासातला सायकल काढावीच लागणार. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले. त्यांनी आईला बोलावले, हातात पेन्सिल दिली आणि सांगितले, "मी येईपर्यंत लिहून ठेव."

आईचे शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी म्हणजे तिला एबीसीडी, तीही छापील. क्रिकेट तर शून्य. ती म्हणाली, "अहो, मला काय कळतंय त्यातलं?" अण्णा घाईत होते. ते म्हणाले, "काही कळू दे नाहीतर नको कळू दे. लोक ओरडले की एक रेघ मार."

त्या दिवसाच्या पानावर वरचा भाग अण्णांच्या ठाशीव अक्षरांत आहे, आणि त्याखाली उभ्या रेघा आहेत. सत्तेचाळीस. मी लहानपणापासून त्या मोजत आले आहे. ब्रिस्बेनमधली माणसे सत्तेचाळीस वेळा ओरडली आणि सांगलीच्या स्वयंपाकघरात एका वीस वर्षांच्या मुलीने त्याची नोंद केली. चौकार गेला म्हणून ओरडली की बळी पडला म्हणून, ते त्या रेघांत नाही. भारत जिंकत होता की हरत होता, तेही नाही. अण्णा दुपारी घरी आले तेव्हा त्यांना निकाल पोस्टातच कळलेला होता. तरीही ते पान समोर ठेवून बराच वेळ बसले, असे आई सांगे. कोणती रेघ किरमाणीची, कोणती थॉमसनच्या चेंडूची, हे लावून पाहत राहिले. हरलेला सामना त्या रेघांतून त्यांना पुन्हा ऐकायचा असावा. आम्ही एखाद्या हस्तलिखिताची गाळलेली अक्षरे लावून पाहतो तसे ते होते. फरक इतकाच की आमच्या हाती निदान अक्षरे असतात.

गॅबाच्या इतिहासात न ऐकलेल्या शेवटाची एक फार मोठी गोष्ट आहे, आणि अण्णांची ती आवडती होती. डिसेंबर १९६०. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज. जिंकायला २३३ हव्या होत्या. शेवटच्या दिवशी प्रेक्षक चार हजारांच्या आसपास. तेव्हा षटक आठ चेंडूंचे असे. वेस हॉलचे शेवटचे षटक सुरू झाले तेव्हा सहा धावा आणि तीन गडी बाकी होते. त्या षटकात काय काय झाले ते मी येथे सांगत बसत नाही. सातव्या चेंडूवर जो सॉलोमनने बाजूने, जेमतेम एक यष्टी दिसत असताना, थेट फेक केली. इयन मेकिफ धावबाद झाला आणि कसोटीच्या इतिहासातला पहिला बरोबरीचा सामना नोंदला गेला. ऑस्ट्रेलियाचा सर्वांत नावाजलेला समालोचक ॲलन मॅकगिल्व्हरे त्या वेळी मैदानात नव्हता. सामना आता रटाळ अनिर्णितपणाकडे किंवा पराभवाकडे चालला आहे असे समजून तो किथ मिलरबरोबर सिडनीचे विमान पकडायला आधीच निघून गेला होता. उतरल्यावर त्याला कळले. साऱ्या देशाला जो सामने सांगत असे, त्याचा हा एक सामना सांगायचा राहून गेला, आणि त्याची हळहळ त्याला जन्मभर पुरली.

अण्णांना ही गोष्ट सांगताना हसू येई. मग ते म्हणत, "पोटापाण्याची बस गाठायची असते, दुसरं काय."

आता २०२१. जानेवारी. अण्णांना तोवर विसरण्याच्या आजाराने घेरले होते. माणसांची नावे गेली होती, जेवण झाले की नाही ते आठवत नसे. पण टीव्हीवर खेळ लावला की स्वस्थ बसत. भारतीय संघाची अवस्था वाचकांना आठवत असेल. ॲडलेडला ३६ धावांत सर्वबाद, कोहली मायदेशी परतलेला, निम्मा संघ जायबंदी. अजिंक्य रहाणेने जो मिळेल तो खेळाडू घेऊन मेलबर्न जिंकले, सिडनी वाचवले आणि शेवटचा सामना गॅबावर आला, जिथे १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया हरले नव्हते. आमच्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने आणि पदार्पण करणाऱ्या वॉशिंग्टन सुंदरने सातव्या जोडीसाठी १२३ धावा जोडल्या. त्या दिवशी कोहलीने शार्दूलच्या कौतुकाचे वाक्य चक्क मराठीत लिहिले. (मराठी विभागात यावर दोन दिवस समाधान नांदले.) दुसऱ्या डावात मोहम्मद सिराजने पाच बळी घेतले. त्याचे वडील या दौऱ्याच्या सुरुवातीलाच, नोव्हेंबर २०२० मध्ये, वारले होते आणि तो अंत्यदर्शनाला परतला नव्हता. ही हकिगत मी तेव्हा वाचली आणि वर्तमानपत्र घडी करून अण्णांच्या हाती लागणार नाही असे ठेवून दिले. का, ते सांगता येत नाही. वाचले असते तरी ते विसरलेच असते.

१९ जानेवारीला, शेवटच्या दिवशी, जिंकायला ३२८ हव्या होत्या. सकाळपासून मी अण्णांच्या खोलीत होते. पुजारा अंगावर चेंडू घेत होता, गिलचे शतक नऊ धावांनी हुकले. साडेबाराला माझा तास होता. ते ऑनलाइन शिकवण्याचे दिवस. विषय ललित निबंध. टीव्ही चालू ठेवला, अण्णांच्या हाती पाण्याचे भांडे दिले, बाजूच्या खोलीत गेले आणि कॅमेऱ्यासमोर बसून लघुनिबंध आणि ललित निबंध यांतील फरक सांगू लागले. पटावर चौतीस नावे दिसत होती आणि एकाचेही लक्ष नव्हते, हे मला कळत होते. मीही प्रामाणिक नव्हते. एक कान भिंतीला होता. एकच्या सुमारास कोणा विद्यार्थ्याचा ध्वनी चुकून चालू झाला आणि त्याच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. पाठोपाठ, दोनतीन सेकंदांनी, तोच कल्लोळ आमच्या भिंतीपलीकडून आला. ऋषभ पंतने हेझलवुडला विजयी चौकार मारला होता. तीन गडी राखून.

मी तास अर्धवट सोडून धावले नाही. पाच मिनिटांनी रीतसर समारोप केला. त्याचे कारण विचारले तर कर्तव्य असे म्हणता येईल, पण मनात भीतीही होती की अण्णांना कळलेले नसेल. खोलीत गेले तेव्हा पडद्यावर आपले खेळाडू तिरंगा घेऊन मैदानाला फेरी मारत होते. अण्णा शांत बसलेले. मी म्हटले, "अण्णा, जिंकलो आपण! गॅबावर!"

त्यांनी माझ्याकडे बघितले. अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, "नाही. सोळा रन कमी पडले."

मी पुन्हा सांगितले. संध्याकाळी क्षणचित्रे दाखवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचे पहिले पान समोर धरले. ते सभ्यपणे पाहत आणि मान हलवत. "सिम्प्सन परत आला ना," एकदा म्हणाले. आठवडाभर मी हट्टाने त्यांना जिंकवण्याचा प्रयत्न केला. या माणसाने पहाटे उठून इतके पराभव ऐकले, त्याला एक विजय तरी लाभावा, असा माझा आग्रह होता. आईच मग एकदा म्हणाली, "अगं, राहू दे. त्यांचं तेवढं एक तरी ठिकाणावर आहे." माझे नाव त्या महिन्यात त्यांना आठवत नव्हते. सोळा हा आकडा आठवत होता. त्या आकड्याचा मला राग आला होता हे आज कबूल करायला हरकत नाही.

अण्णा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. जानेवारी २०२४ मध्ये गॅबावर शमार जोसेफ नावाच्या तरुण गोलंदाजाने सात बळी घेऊन वेस्ट इंडिजला आठ धावांनी जिंकून दिले, तेव्हा सांगायला घरात कोणी नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये बॉब सिम्प्सन गेले. १९६० च्या बरोबरीत हा माणूस खेळाडू होता, १९७७ मध्ये आमच्या घरचा खलनायक होता आणि १९८६ मध्ये मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया यांच्यात दुसरी बरोबरी झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक होता. तेव्हाही मी अण्णांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते.

मैदान पाडण्याची बातमी आली त्याच रविवारी मी वही काढून आईसमोर बसले. आई आता सत्तरीकडे झुकली आहे. मी तिला सगळे सांगितले. नवे स्टेडियम, ऑलिम्पिक, मग पाडकाम. ती भाजी निवडत होती. तिने विचारले, "मग तिथं काय करणार?"

"घरं बांधतील म्हणे," मी म्हटले.

"बरं होईल की," आई म्हणाली. मग तिने हात पुसले, वही जवळ घेतली आणि रेघांवरून बोट फिरवले. थोडी हसली. म्हणाली, "तुला एक सांगते. ह्यांना कधी सांगितलं नाही मी. मधेच नळाला पाणी आलं होतं. तेव्हा पाणी कुठं थांबत होतं? दोन बादल्या आणि घागर भरून येईपर्यंत रेडिओत नुसती खरखर. स्टेशनच गेलेलं. मला काही ते लागेना. म्हटलं, हे घरी येतील आणि पान कोरं बघून हिरमुसतील. म्हणून शेवटच्या दहाबारा माझ्याच मनानं मारल्या."

मी पान उजेडाकडे धरले. सत्तेचाळीस रेघा, सगळ्या सारख्या उंचीच्या, एकाच दाबाच्या. नळाला पाणी कोणत्या रेघेनंतर आले, ते मला त्यांत सापडले नाही. आई पुन्हा भाजी निवडू लागली होती.